शेजारच्या माणसाचा शब्द

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी एका मोटार चालवणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे. मला स्वतःला मोटार चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. लायसन्स मी कधी काढलेच नाही. जुन्या जालन्यातून नव्या जालन्यात जायचे तर कुंडलिका ओलांडून पायी जातो, लांब जायचे तर एसटी आहेच. आज इथे बोलायलाही एसटीनेच आलो. आकाशवाणी केंद्र ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव जालना रोड, त्यामुळे चुकण्याची भीती नव्हती.

तरीही गेले काही महिने एका परदेशी मोटार-बहाद्दराने माझा पिच्छा पुरवला आहे. त्याचे नाव आरी वातानेन. देश फिनलंड. जन्म २७ एप्रिल १९५२. १९८१ साली तो मोटार रॅलीचा जगज्जेता झाला आणि पुढे वाळवंटातली डकार रॅली त्याने चार वेळा जिंकली. त्याची माझी ओळख करून दिली माझ्या भाच्याने. भाचा गॅरेज चालवतो. एका दुपारी त्याच्याकडे चहाला गेलो, तेव्हा ग्रीसने माखलेल्या हातात मोबाइल धरून तो म्हणाला, "मामू, पाच मिनिटे बसा. ही फिल्म बघा आणि मग सांगा, याला ड्रायव्हर म्हणायचे की शायर."

फिल्मचे नाव 'क्लाइंब डान्स'. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे. उंची ४,३०० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून अंदाज करा. त्या डोंगराच्या माथ्यापर्यंत सुमारे वीस किलोमीटरचा घाट जातो. वळणे १५६. त्या काळी रस्ता खडी-मातीचा होता आणि कडेला खोल दरी. १९८८ साली वातानेन प्यूजो कंपनीची मोटार घेऊन हा घाट १० मिनिटे ४७ सेकंदांत चढला. तो तेव्हाचा विक्रम होता. फिल्ममध्ये एक क्षण असा येतो की वळण घेताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. वातानेन एक हात स्टेअरिंगवरून काढतो, शेतात उभा असलेला माणूस दूरचे पाहताना धरतो तसा कपाळावर धरतो, आणि दुसऱ्या हाताने गाडी दरीच्या कडेकडेने वर नेतो. भाच्याने तेवढाच तुकडा तीन वेळा दाखवला.

मी घरी आलो तो तो हात डोळ्यांपुढे घेऊनच. पण पुढे या माणसाबद्दल वाचत गेलो तसे लक्षात आले की त्या डोंगरावर तो एकटा होता, आणि रॅलीत माणूस एकटा कधीच नसतो. मला बोलायचे आहे ते त्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दल.

रॅली म्हटले की आपल्याला मोर्चा आठवतो, नाहीतर निवडणुकीत झेंडे लावून निघणाऱ्या मोटारसायकली. ही रॅली वेगळी. इथे गोल मैदानात मोटारी एकमेकींच्या मागे धावत नाहीत. जंगलातले, डोंगरातले, खेड्यांमधले साधे रस्ते काही तासांपुरते बंद करतात आणि त्यावर एकेक मोटार ठरावीक अंतराने सोडतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो, घड्याळ असते. असे अनेक टप्पे दोन-चार दिवसांत पार करायचे, सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याकडे जाताना मात्र उघड्या रस्त्याने, इतर वाहनांबरोबर, वाहतुकीचे नियम पाळून जावे लागते. वाटेत तपासणी नाके असतात. तिथे नेमून दिलेल्या मिनिटालाच हजेरी लावायची. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तरी दंड. लवकर येण्याबद्दल शिक्षा ही गोष्ट आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला नवलाचीच वाटेल. पण ती लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

मोटारीत दोघे असतात. एक चालवणारा, दुसरा वाटाड्या. इंग्रजीत त्याला को-ड्रायव्हर म्हणतात, पण तो गाडी चालवत नाही. स्पर्धेपूर्वी दोघे मिळून तो रस्ता सावकाश पाहून घेतात आणि वहीत टिपणे करतात. कोणते वळण किती तीव्र, दोन वळणांमध्ये किती मीटर, कुठे चढाव संपतो, कुठे गाडी जमीन सोडून हवेत जाईल, कुठे दोन झाडांमधून जेमतेम वाट आहे. स्पर्धेच्या वेळी वाटाड्या मान खाली घालून ती वही मोठ्याने वाचत असतो. त्याने ऐन वळणावर सांगून उपयोग नाही, वळणाच्या थोडे आधी सांगावे लागते, आणि फार आधी सांगितले तरी चालणाऱ्याच्या डोक्यात घोटाळा. टेकाडापलीकडचा रस्ता चालवणाऱ्याला दिसत नाही. शेजारच्याने 'सरळ आहे' म्हटले म्हणून तो पाय न उचलता तिकडे गाडी फेकतो.

मी कवी आहे. माझी एखादी ओळ चुकली तर फार तर एखादा समीक्षक रागावतो. या वहीतली ओळ चुकली तर दोन माणसे जातात. असले वाचन मी कधी केले नाही.

फिनी भाषेत उजव्याला 'ओइकेआ' म्हणतात, डाव्याला 'वासेन'. ओइकेआचा दुसरा अर्थ 'बरोबर'. आपणही म्हणतोच की, अमका तमक्यापेक्षा उजवा. पण गंमत अशी की वातानेनच्या मोठ्या विजयांच्या वेळी त्याच्या शेजारी फिनी माणूस नव्हताच. १९८१ साली होता डेव्हिड रिचर्ड्स, नंतर टेरी हॅरीमन, दोघेही ब्रिटिश. म्हणजे हा माणूस आपला जीव परक्या भाषेतल्या शब्दांवर सोपवून जात होता. आमच्या घरात दखनी बोलतात. मराठी मी शाळेत गेल्यावर शिकलो आणि कविता आली ती मराठीतच. तेव्हा परक्या म्हटल्या जाणाऱ्या भाषेवर भरवसा टाकणे म्हणजे काय, हे मला थोडेफार कळते. काही दिवसांनी ती परकी राहत नाही.

वातानेनचे गाव तूपोवारा, फिनलंडच्या पूर्वेला, तेव्हाच्या सोव्हिएत सरहद्दीजवळ. फिनलंडची लोकसंख्या छप्पन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढी. देश मात्र आपल्या महाराष्ट्राहून मोठा. जंगल, तळी, आणि जंगलातून जाणारे खडीचे कच्चे रस्ते. हिवाळ्यात त्यांवर बर्फ. अशा रस्त्यांवर गाडी सरळ ठेवण्यापेक्षा ती घसरत असताना सांभाळणे जास्त महत्त्वाचे, आणि तिथली पोरे हे लहानपणापासून शिकतात. चालकांसाठी जागतिक अजिंक्यपद १९७९ साली सुरू झाले. तेव्हापासून सात फिनी चालकांनी ते मिळवले. त्यातला पहिला वातानेन. शेवटचा काल्ले रोवानपेरा. त्याने २०२२ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी ते मिळवले आणि २०२३ साली पुन्हा.

वातानेन आठ वर्षांचा असताना त्याचे वडील मोटार अपघातात गेले. त्याच मुलाने पुढे मोटारीतच आयुष्य काढले. १९८१ साली तो जिंकला तेव्हा त्याच्या मागे कंपनीचा अधिकृत संघ नव्हता. फोर्ड एस्कॉर्ट ही जुन्या पद्धतीची, फक्त मागच्या चाकांना जोर देणारी गाडी, आणि एक खासगी संघ. त्याच वर्षी ऑडीने चारही चाकांना जोर देणारी गाडी मैदानात उतरवली होती. पण शेवटच्या रॅलीअखेर फ्रान्सच्या गी फ्रेकलँपेक्षा वातानेनचे गुण सात जास्त होते. ९६ आणि ८९.

पुढे तो फ्रान्सच्या प्यूजो संघात गेला. १९८४ च्या उत्तरार्धात त्याने लागोपाठ तीन रॅली जिंकल्या, आणि मग जानेवारी १९८५ मध्ये आली मोंते कार्लोची रॅली. आल्प्सच्या डोंगरातले बर्फाळ घाट. शेजारी टेरी हॅरीमन. एका नाक्यावर हॅरीमनकडून हिशेब चुकला आणि त्यांनी नेमलेल्या वेळेच्या चार मिनिटे आधी हजेरी लावली. दंड आठ मिनिटांचा. जिथे सेकंदांवर निकाल लागतात तिथे आठ मिनिटे म्हणजे खेळ संपला, असेच कोणीही म्हणेल. वातानेनने ती आठ मिनिटे एकेका टप्प्यात थोडी थोडी करून भरून काढली आणि वाल्टर रोर्लला पाच मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकून रॅली जिंकली.

या विजयाचे कौतुक बहुतेक सगळे करतात ते त्याच्या वेगासाठी. माझे मन दुसरीकडे अडकले. चूक झाल्यानंतरही शेजारी हॅरीमनच होता. पुढच्या टप्प्यावर त्याने 'सरळ' म्हटले आणि वातानेनने पाय उचलला नाही. आठ मिनिटे घालवणाऱ्या माणसाच्या शब्दावर तो मघाच्याइतकाच विश्वास टाकून गेला. नाहीतर ती वेळ भरून निघालीच नसती.

हे वाचले आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचे एक गोदाम आठवले.

माझे अब्बा ट्रकचालक होते. ट्रक त्यांचा नव्हता, एका व्यापाऱ्याचा होता. जालन्याच्या मोंढ्यातून धान्य, जिनिंगमधून सरकी आणि कापसाच्या गाठी, हंगामात मोसंबी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून जात असे. ताडपत्री बांधणे, काच पुसणे, चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावणे, ही माझी कामे. आणि सगळ्यांत मोठे काम म्हणजे गाडी मागे घेताना मागे उभे राहून सांगणे. "आने दो, आने दो, थोडा लेफ्ट, आने दो... बस!" मालाने भरलेल्या ट्रकमधून चालवणाऱ्याला मागचे काही दिसत नाही. आरशात फक्त दोन कडा. बाकी सगळे त्या पोराच्या आवाजावर.

१९८४ ची दिवाळीची सुट्टी होती. मी चौदा वर्षांचा. रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील. सरकीची पोती भरलेली गाडी गोदामाच्या दाराला लावायची होती. गोदामाच्या एका अंगाला उघडा नाला. मी मागे उभा राहून "आने दो, आने दो" म्हणत होतो आणि म्हणता म्हणता उभ्या उभ्या माझा डोळा लागला. तोंड चालू होते, डोळे मिटलेले होते. झोपेत मी 'आने दो' म्हणत राहिलो.

मागचे चाक नाल्याच्या कडेवरून गेले. ट्रक एका बाजूला कलला, पोती सुटली आणि केबिनचे दार भिंतीवर आदळले. अब्बांनी उजवा हात दाराबाहेर काढलेला होता. तो कोपराच्या वर दोन ठिकाणी मोडला.

सकाळी मालक आले. नुकसान बरेच होते. त्यांनी विचारले, "मागे कोण होते?" मी तिथेच उभा होतो. अब्बा दुसऱ्या हाताने मोडका हात धरून बसले होते. ते म्हणाले, "पोरगा थांब थांब म्हणत होता, सेठ. मलाच ऐकू आले नाही."

श्रोतेहो, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. अब्बांनीही सांगितली नाही. घरात अम्मीलाही नाही.

आता पुन्हा वातानेनकडे जाऊ. मोंते कार्लोनंतर त्याने स्वीडनही जिंकले. त्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता होणार असे दिसत होते. मग अर्जेंटिनातली रॅली आली. एका सरळ रस्त्यावर, प्रचंड वेगात, गाडी खोलगटात आपटून उलटीपालटी झाली. त्याची सीट बुडापासून निसटली आणि तो गाडीच्या आत चेंडूसारखा आपटत राहिला. बरगड्या मोडल्या, मणके मोडले, गुडघा गेला, फुफ्फुसाला इजा झाली. हॅरीमनही जखमी झाला. वातानेन वाचतो की नाही अशी अवस्था होती. तो वाचला.

पण खरी लढाई पुढेच होती. हाडे जुळली, मन जुळेना. इस्पितळात रक्त दिले गेले होते. त्या रक्तातून आपल्याला एड्स झाला आहे अशी त्याची समजूत झाली. तसे काही नाही असे सांगूनही पटेना. आपण आता मरणारच, या विचारात महिनोन् महिने गेले. ज्या माणसाने डोळे दिपवणाऱ्या वेगाला कधी भीती दाखवली नाही, तो घरातल्या खुर्चीत बसून घाबरत होता. ही गोष्ट त्याने पुढे लपवली नाही. आपल्या या आजाराबद्दल तो उघडपणे बोलत आला. त्याच्या सगळ्या चषकांपेक्षा मला हे मोठे वाटते, कारण ज्या पुरुषांच्या जगात तो वावरत होता तिथे असे बोलणे सोपे नव्हते.

आपल्याकडे या आजाराला डॉक्टरी नाव फार उशिरा मिळाले. आपण म्हणतो, 'त्याने हाय खाल्ली'. अब्बांनी हाय खाल्ली होती. हात तीन-चार महिन्यांत बरा झाला. गाडी दुरुस्त झाली. मालकांचा निरोप आला. अब्बा गेले, केबिनमध्ये चढले, चावी हातात घेतली आणि तसेच खाली उतरले. घरी येऊन म्हणाले, हात अजून दुखतो. हात दुखत नव्हता. अम्मीला कळत होते, मला कळत होते. त्यांनी एका जिनिंगमध्ये रात्रीची राखणदारी धरली. पगार निम्म्याहून कमी. संध्याकाळी रस्त्याने ट्रक गेला की ते आवाजावरून सांगत, याचा क्लच गेला आहे. पण गाडीकडे पाहत नसत. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत, आणि तेच मला जास्त लागे. रागावले असते तर मी मोकळा झालो असतो.

वातानेन जवळजवळ दीड वर्षाने परतला. मधल्या काळात त्याचा खेळच बदलला होता. त्या काळच्या गाड्या चारशे अश्वशक्तीच्या पुढे गेल्या होत्या आणि प्रेक्षक तर रस्त्यावरच उभे राहत. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालमध्ये एक गाडी गर्दीत घुसली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. २ मे १९८६ रोजी कोर्सिका बेटावर हेन्री तोइवोनेन हा फिनलंडचाच एकोणतीस वर्षांचा चालक आणि त्याचा वाटाड्या सर्जिओ क्रेस्तो यांची गाडी दरीत जाऊन पेटली. दोघेही गेले. त्यानंतर असल्या गाड्यांवर बंदी आली. अर्जेंटिनात वातानेनची सीट निसटली नसती तर त्या जीवघेण्या मोसमात तोही असता. असले हिशेब कोणाला सुटत नाहीत.

जानेवारी १९८७ मध्ये प्यूजोने त्याला पॅरिस-डकार रॅलीत उतरवले. युरोपातून निघायचे, सहारा ओलांडायचा आणि आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगलमधल्या डकारला पोचायचे. सुरुवातीलाच काही बिघडून तो खूप मागे पडला. मग एकेक गाडी मागे टाकत पुढे आला आणि जिंकला. मोडलेल्या माणसाने पहिलीच मोठी स्पर्धा जिंकली ती जगातली सर्वांत खडतर म्हणवली जाणारी. १९८८ साली तो पुन्हा आघाडीवर होता, तर मालीतल्या बामाको गावी त्याची स्पर्धेची गाडीच चोरीला गेली. गाडी सापडली, पण वेळ निघून गेली होती, म्हणून तो बाद झाला. १९८९ साली संघप्रमुख जाँ तोद याने आपल्याच दोन चालकांमधली जीवघेणी चढाओढ थांबवायला नाणे उडवले. कौल वातानेनच्या बाजूने पडला आणि तो जिंकला. १९९० आणि १९९१ सालीही तोच. पुढे १९९९ ते २००९ अशी दहा वर्षे तो युरोपीय संसदेत होता, आधी फिनलंडकडून, मग फ्रान्सकडून. २००९ साली जागतिक मोटार संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला. समोर तोच नाणे उडवणारा तोद. या वेळी कौल विरुद्ध गेला. १३५ मते तोदला, ४९ वातानेनला.

आमच्या घरची गोष्टही पुरी करतो. १९८५ चा पावसाळा. मालकांचा नवा चालक ऐन खेपेच्या रात्री आला नाही. माल देऊळगाव राजाहून आणायचा होता, तीस-एक किलोमीटरचा प्रश्न. मालकांचा माणूस आमच्या दाराशी आला. अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल." मी म्हणालो, "दुसरा कोणी क्लीनर घ्या ना, अब्बा." ते म्हणाले, "नही. तूच."

जाताना ते बोलले नाहीत. येताना पाऊस होता. त्याच गोदामाशी आलो. तोच नाला, तेच दार. मी खाली उतरून मागे जाऊन उभा राहिलो. पाय थरथरत होते. अब्बांनी गाडी मागच्या गिअरमध्ये घातली आणि मान बाहेर न काढता वाट पाहत राहिले. मी "आने दो" म्हणेपर्यंत गाडी एक इंचही हलली नाही. मग माझ्या आवाजावर ती भरलेली गाडी हळूहळू माझ्याकडे येऊ लागली. मी "बस" म्हटले. गाडी थांबली. दारापासून एक वीत.

त्यानंतर अब्बांनी वीस वर्षे ट्रक चालवला. मी मात्र स्टेअरिंगला कधी हात लावला नाही. बी. ए. केले, नोकरी धरली, कविता लिहिल्या.

आता कोणी विचारील, वातानेनचा वारसा काय आणि त्याचा जालन्याशी संबंध काय? संबंध आहे. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. रस्ता उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. देशभरात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. हा सरकारी आकडा आहे. फिनलंडमध्ये अलीकडच्या वर्षांत हा आकडा दोनशेच्या आसपास असतो. लोकसंख्येचा फरक जमेस धरला तरी हे अंतर लाजवणारे आहे.

ज्या देशाने जगाला इतके वेगवान चालक दिले, तिथे साध्या माणसाला लायसन्स काढताना निसरड्या रस्त्यावर गाडी कशी सांभाळायची याचे शिक्षण घ्यावे लागते. वेगमर्यादा जास्तच ओलांडली तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात होतो, त्यामुळे श्रीमंताला तो खराच लागतो. म्हणजे तिथे वेगाचे कौतुक आहे, पण त्याची जागा ठरलेली आहे. बंद केलेला रस्ता, डोक्यावर हेल्मेट, अंगावर पट्टे, गाडीत लोखंडी पिंजरा आणि शेजारी वही वाचणारा माणूस. आपली पोरे मोबाइलवर ती फिल्म पाहतात आणि मोकळ्या महामार्गावर तसाच एक हात सोडतात. त्यांना तो हात दिसतो, त्यामागची वही दिसत नाही.

हौस करूच नये असे मी म्हणणार नाही. आपल्या पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ साली सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिक ही स्पर्धा पुरी केली, तेव्हा मलाही अभिमान वाटला. त्यांच्याही शेजारी एक वाटाड्या होता.

माझ्या पुरता वातानेनचा वारसा एवढाच. शेजारच्या माणसाकडून चूक होते. तरी पुढच्या वळणावर त्याचाच शब्द घ्यावा लागतो, आणि कधी कधी त्या शब्दामुळेच दोघेही पुन्हा उभे राहतात. हे माझ्या अब्बांना वातानेनच्या आधी ठाऊक होते, पण त्यांना ते कोणी विचारले नाही. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो. त्या रात्रीबद्दल बोलायचे मनात खूप होते. त्यांनीच हात उचलून मला थांबवले.

ते म्हणाले, "बस."